विश्लेषण : नवी संगणक प्रणाली आली की अधिकार कुणाचे वाढतात आणि जबाबदारी कुणाची?

महाराष्ट्रात अंगणवाडी सेविकांनी सरकारी मोबाइल परत केले. कर्नाटकात गावपातळीवरील जमिनीची दप्तरे एका झटक्यात निरुपयोगी ठरली. ब्रिटनमध्ये एका हिशेब प्रणालीवर विश्वास ठेवून शेकडो टपाल केंद्रचालकांना गुन्हेगार ठरवण्यात आले. या तिन्ही घटनांत तंत्रज्ञान वेगळे होते, वाद मात्र एकाच गोष्टीचा होता. माहितीवर ताबा कोणाचा आणि चूक झाली तर भरपाई कोणाची?

अंगणवाडी सेविकांनी मोबाइल परत का केले?

ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरातील अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत करण्याचे आंदोलन केले. ठिकठिकाणी सेविका बालविकास प्रकल्प कार्यालयांत गेल्या आणि फोन जमा करून आल्या. त्याच वर्षी १ मार्चला केंद्र सरकारने ‘पोषण ट्रॅकर’ हे अ‍ॅप सुरू केले होते. बालकांचे वजन आणि उंची, गरोदर व स्तनदा मातांची नोंद, आहाराचे वाटप, अंगणवाडी उघडल्याची वेळ अशी सगळी माहिती त्यावर भरायची होती. फोन मात्र आधीच्या प्रणालीसाठी घेतलेले, २ जीबी रॅमचे. ते तापतात, मध्येच बंद पडतात, अ‍ॅप इंग्रजीत आहे आणि दुरुस्तीचा खर्च आपल्याच माथी येतो, अशा सेविकांच्या तक्रारी होत्या.

वरकरणी हा फोनच्या दर्जाचा वाद होता. पण अंगणवाडीतील माहितीचा जुना प्रवास पाहिला तर त्यामागचा बदल कळतो. पूर्वी सेविका नोंदवह्या भरत असे. प्रमाणित पद्धतीत अशा ११ नोंदवह्या होत्या. त्यावरून मासिक अहवाल तयार होई, तो पर्यवेक्षिकेकडे जाई, तिथून प्रकल्प अधिकाऱ्याकडे आणि पुढे जिल्ह्याला. ही पद्धत संथ होती, त्यात आकडे ‘जुळवून’ घेण्यालाही वाव होता. मात्र आकड्यासोबत त्याचे कारणही सांगता येत होते. मूल आजोळी गेले आहे, वजनकाटा बिघडला आहे, या महिन्यात आहाराचा पुरवठाच आला नाही, हे सेविका बैठकीत बोलू शकत होती.

अ‍ॅपमध्ये आकडा थेट वर जातो आणि कारण खालीच राहते. दिल्लीत किंवा मुंबईत पडद्यावर दिसते ते एवढेच की अमुक अंगणवाडीत इतक्या मुलांचे वजन झालेले नाही. नेटवर्क नव्हते की काम झाले नाही, हा फरक त्या रकान्यात दिसत नाही. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. तेव्हापासून सेविकेचा दर्जा ‘मानसेवी’ आहे, म्हणजे तिला वेतन नाही, मानधन मिळते. सेविका आणि मदतनीस ग्रॅच्युइटीला पात्र आहेत, हे सर्वोच्च न्यायालयाला एप्रिल २०२२ मध्ये सांगावे लागले. कर्मचारी म्हणून पूर्ण मान्यता नाही, पण कामाचा हिशेब कर्मचाऱ्यापेक्षा कडक, असा हा विरोधाभास होता. फोन परत करणे हा त्यावरचा जबाब होता.

विरोध म्हणजे तंत्रज्ञानाची भीती, हे खरे का?

नवी प्रणाली वापरली जात नसेल तर अधिकारी आणि सॉफ्टवेअर कंपन्या सहसा दोन कारणे देतात. पहिले, लोकांना प्रशिक्षण नाही किंवा त्यांची बदलायची तयारी नाही. दुसरे, सॉफ्टवेअरमध्ये दोष आहेत, पुढच्या आवृत्तीत ते दूर होतील. पहिल्या निदानावर उपाय म्हणजे कार्यशाळा, दुसऱ्यावर उपाय म्हणजे अपडेट.

ही दोन्ही कारणे अपुरी आहेत, हे अमेरिकी अभ्यासक लिन मार्कस यांनी १९८३ मध्ये ‘कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम’ या नियतकालिकातील लेखात दाखवले. संगणक प्रणाली आणि सत्ता या विषयावर आजही हा लेख आवर्जून वाचला जातो. त्यात त्यांनी एका मोठ्या कंपनीचे उदाहरण घेतले होते. कंपनीचे खरे नाव दिलेले नव्हते. या कंपनीत मुख्यालयाचे लेखापाल आणि वेगवेगळ्या विभागांचे लेखापाल असे दोन गट होते. १९७५ पूर्वी प्रत्येक विभाग आपला हिशेब स्वतःकडे ठेवी आणि मुख्यालयाला फक्त गोषवारा पाठवी. आत काय दडले आहे, कोणता खर्च कुठे दाखवला आहे, हे विभागालाच ठाऊक असे.

नव्या वित्तीय प्रणालीत सगळे व्यवहार एकाच माहितीकोशात जाऊ लागले. गोषवारा संगणक काढू लागला. मुख्यालयातील लेखापालाला विभागाला न विचारता कोणतीही नोंद उघडून पाहता येऊ लागली. मुख्यालयाने प्रणालीचे स्वागत केले, विभागांनी विरोध केला. विभागांतील काही लेखापाल तर नवी प्रणाली सुरू झाल्यावरही जुन्या जाड वह्या भरत राहिले.

मार्कस यांचे म्हणणे असे की हे लोक अडाणी नव्हते आणि केवळ सॉफ्टवेअर वाईट होते असेही नाही. तसे असते तर तीच प्रणाली मुख्यालयातील लेखापालांनाही आवडली नसती. एकाच पेशाचे, सारख्याच शिक्षणाचे दोन गट एकाच सॉफ्टवेअरबद्दल उलट मत देतात, तेव्हा त्याचे कारण माणसात किंवा यंत्रात स्वतंत्रपणे सापडत नाही. माहितीची वाटणी बदलली, तिच्याबरोबर सत्तेची वाटणी बदलली आणि ज्यांच्या हातून काही गेले त्यांनी विरोध केला.

या दृष्टीने पाहिले तर विरोध हीसुद्धा एक माहिती आहे. प्रणालीमुळे कोणाच्या हातून काय जाणार आहे, हे आराखडा करणाऱ्यांपेक्षा विरोध करणाऱ्यांना आधी कळलेले असते. सॉफ्टवेअरच्या आराखड्यात वापरकर्ता म्हणजे काड्यांनी काढलेली एक आकृती असते. तिला पगार नसतो, वरिष्ठ नसतो, बदलीची भीती नसते. खऱ्या कार्यालयातल्या माणसाला हे सगळे असते.

खासगी कंपन्यांत चित्र वेगळे असते का?

खासगी कंपनीत आदेश निघाला की प्रणाली वापरली जाते, असा समज आहे. वांडा ऑर्लिकोव्स्की यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास त्याला छेद देतो. एका मोठ्या सल्लागार कंपनीने ‘लोटस नोट्स’ हे सॉफ्टवेअर कर्मचाऱ्यांच्या संगणकांवर बसवले. एका कार्यालयातील अनुभव दुसऱ्याला मिळावा, ज्ञानाची देवाणघेवाण वाढावी, हा हेतू होता. बहुतेक सल्लागारांनी मात्र ते ईमेलपुरते वापरले किंवा वापरलेच नाही.

त्यामागे दोन साधी कारणे होती. पहिले, या कंपनीत सल्लागाराच्या प्रत्येक तासाचे बिल कोणत्या ना कोणत्या ग्राहकाच्या नावावर लागत असे. नवे सॉफ्टवेअर शिकण्याच्या तासांचे बिल कोणाच्या नावावर लावायचे? दुसरे, बढतीची स्पर्धा तीव्र होती. जवळ असलेले खास ज्ञान हीच पुढे जाण्याची शिडी असेल तर ते सर्वांसाठी खुले कोण करील? ज्यांना बढतीची चिंता उरली नव्हती त्या वरच्या पातळीवरील काहींनी आणि तांत्रिक विभागातील लोकांनी सॉफ्टवेअर उत्साहाने वापरले.

पुण्या-मुंबईतील कोणत्याही मोठ्या कंपनीत हा अनुभव ओळखीचा वाटेल. ग्राहकांची माहिती एका जागी ठेवणारी प्रणाली येते. विक्री प्रतिनिधी त्यात जेमतेम भरतात आणि खरी यादी स्वतःच्या एक्सेल फाइलमध्ये किंवा डायरीत ठेवतात. ग्राहकांशी असलेली ओळख हीच त्यांची किंमत असते आणि ती कंपनीच्या माहितीकोशात गेली की आपली गरज कमी होईल, हे त्यांना कळते. कोणी सांगितले नाही तरी कळते.

जमिनीचे दप्तर संगणकावर गेले तेव्हा काय बदलले?

विरोध करणाऱ्याची बाजू नेहमी न्याय्यच असते असे मात्र नाही. कर्नाटकचा ‘भूमी’ प्रकल्प त्याचे ठळक उदाहरण आहे. त्या राज्यात सुमारे ६७ लाख शेतकऱ्यांच्या सुमारे २ कोटी जमीन नोंदी ९ हजारांच्या आसपास ग्राम लेखापालांच्या हाती होत्या. उतारा हवा असेल तर आधी लेखापाल सापडायला हवा, सापडला तर त्याला वेळ हवा आणि वेळ हवा असेल तर बहुतेकदा पैसे मोजावे लागत. दप्तर त्याच्याच ताब्यात असल्याने फेरफार झाला का आणि कसा, हे तपासण्याचा दुसरा मार्ग नव्हता.

२००१ च्या सुमारास या नोंदी तालुक्याच्या संगणक केंद्रांवर आल्या. १५ रुपये भरून उतारा मिळू लागला. फेरफाराचे अर्ज आल्या क्रमाने हाताळण्याची अट प्रणालीतच घातली गेली. नोंद बदलणाऱ्याला बोटाचा ठसा देऊन आत जावे लागे, त्यामुळे कोणी काय बदलले याची खूण राहू लागली. मुख्य म्हणजे हस्तलिखित उतारे अवैध ठरवण्यात आले. जुन्या वहीचा आधार घेऊन समांतर कारभार चालवण्याची वाटच बंद झाली. उताऱ्यासाठी लागणारा वेळ आणि लाच दोन्ही कमी झाल्याचे नंतरच्या पाहण्यांत दिसले.

इथे लेखापालांची सत्ता गेली आणि ते योग्यच झाले. पण ती नाहीशी झाली का? सॉलोमन बेंजामिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये बेंगळूरु परिसराच्या अभ्यासातून वेगळी बाजू मांडली. निर्णय गावातून तालुक्याकडे आणि त्याहून वर सरकले, असे त्यांचे निरीक्षण होते. गावातल्या लेखापालाशी भांडता येणाऱ्या लहान शेतकऱ्याला त्या पातळीवर पोहोचणे अवघड होते. मोठ्या प्रमाणावर जमीन घेणाऱ्यांना मात्र सगळ्या नोंदी एका जागी मिळणे सोयीचे ठरले. म्हणजे सत्तेची जागा बदलली आणि त्या नव्या जागेपर्यंत सगळ्यांचा हात सारखा पोहोचत नव्हता.

महाराष्ट्रात सातबारा संगणकावर आणताना आणखी एक पैलू पुढे आला. राज्यात अडीच कोटींच्या आसपास सातबारे आहेत. हस्तलिखितावरून संगणकात उतरवताना नावांतील अक्षरे चुकली, क्षेत्राचा मेळ बसेना, काहींचे हिस्से गळाले. चुका शोधण्यासाठी २०१७ मध्ये गावोगावी चावडी वाचन घेण्यात आले. उतारे लोकांसमोर वाचून दाखवणे ही जुनी, संगणकाविना चालणारी पद्धतच अखेर संगणकाच्या दुरुस्तीसाठी वापरावी लागली. तरीही ज्यांच्या उताऱ्यात चूक राहिली त्यांना दुरुस्तीसाठी तहसील कार्यालयात अर्ज करावा लागला. चूक दप्तराची आणि हेलपाटे शेतकऱ्याचे, असे हे समीकरण झाले.

तलाठ्यांची, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्यांची बाजूही ऐकण्यासारखी आहे. डिजिटल स्वाक्षरीमुळे प्रत्येक नोंदीवर त्यांचे नाव कायमचे उमटले. पण सर्व्हरचा वेग, सॉफ्टवेअरमधील बदल किंवा इंटरनेटची जोडणी यांपैकी काहीच त्यांच्या हाती नव्हते. लॅपटॉप, प्रिंटर आणि इंटरनेटच्या खर्चासाठी त्यांच्या संघटनांना आंदोलने करावी लागली.

ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभर ‘ई-पीक पाहणी’ सुरू झाली आणि पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवरून करावी असे ठरले. पूर्वी तलाठी घरी बसून पिके ‘पाहतो’ ही तक्रार जुनी होती. आता आपल्या शेतात काय आहे हे सांगण्याचा अधिकार शेतकऱ्याला मिळाला. त्याच वेळी मुदतीत नोंद न होण्याचा धोकाही त्याच्याकडे आला. स्मार्टफोन नसलेला, डोंगराळ भागात नेटवर्क न मिळणारा किंवा वयोवृद्ध शेतकरी हा अधिकार कसा वापरणार, हा प्रश्न त्यातूनच आला.

ब्रिटनच्या ‘होरायझन’ प्रकरणात काय घडले?

अधिकार वर आणि जबाबदारी खाली, ही वाटणी टोकाला गेली तर काय होते ते ब्रिटनच्या टपाल खात्यात दिसले. तिथे बहुतेक टपाल केंद्रे खात्याचे कर्मचारी चालवत नाहीत. करारावर नेमलेले केंद्रचालक ती चालवतात. अनेकदा किराणा किंवा वृत्तपत्रांच्या दुकानातच ते केंद्र असते. १९९९ पासून या केंद्रांत ‘होरायझन’ ही संगणकीय हिशेब प्रणाली बसवण्यात आली. ती आयसीएल या कंपनीने तयार केली होती आणि ही कंपनी पुढे फुजित्सूच्या नावाने काम करू लागली.

काही केंद्रांत दिवसअखेरचा हिशेब जुळेना. संगणक सांगे तेवढी रोकड गल्ल्यात नसे. कधी काही पौंडांची तूट, कधी हजारोंची. कागदी वह्या असत्या तर केंद्रचालकाने एकेक नोंद मागे जाऊन तपासली असती. होरायझनमध्ये त्याला दिसत होता तो फक्त स्वतःच्या पडद्यापुरता भाग. मदतवाहिनीला फोन केला तर असा त्रास फक्त तुम्हालाच होतो आहे, असे आपल्याला सांगण्यात आल्याचे अनेकांनी पुढे साक्षीत नोंदवले. प्रत्येक जण आपण एकटेच आहोत असे समजत राहिला.

प्रणालीतील एक छोटासा बदल इथे विशेष महत्त्वाचा ठरतो. सुरुवातीला वादातील रक्कम तात्पुरती बाजूला ठेवण्यासाठी केंद्राच्या हिशेबात वेगळे खाते होते. २००५ च्या सुमारास ती सोय काढून टाकण्यात आली. त्यानंतर तूट दिसली तर केंद्रचालकापुढे दोनच वाटा उरल्या. खिशातून पैसे भरायचे किंवा ती रक्कम आपले देणे म्हणून मुख्यालयाच्या खात्यावर टाकायची. ‘ही तूट मला मान्य नाही’ असे सांगण्यासाठी पडद्यावर बटणच नव्हते. आणि हिशेब पूर्ण केल्याशिवाय पुढच्या कालावधीसाठी केंद्र सुरू ठेवता येत नव्हते. ज्याच्याकडे तक्रार नोंदवण्याची जागा नाही, त्याची तक्रारच नाही असे मानले गेले.

अनेकांनी बचत मोडली, घरे गहाण टाकली. काहींनी पडद्यावर खोटे जुळलेले आकडे दाखवून वेळ मारून नेली आणि त्याच कारणाने त्यांच्यावर खोट्या हिशेबाचा गुन्हा लागला. १९९९ ते २०१५ या काळात चोरी, अफरातफर आणि खोटा हिशेब या आरोपांखाली ९०० हून अधिक लोक दोषी ठरले. यांपैकी सुमारे ७०० खटले टपाल कंपनीने स्वतः चालवले होते. तक्रार करणारा केंद्रचालक, त्याची चौकशी करणारे अधिकारी आणि त्याच्यावर खटला भरणारी यंत्रणा यांत चौकशी आणि खटला या दोन्ही बाजू एकाच संस्थेच्या हाती होत्या.

वेल्समधील लॅंडिड्नो इथले केंद्रचालक अ‍ॅलन बेट्स यांनी तूट मान्य करण्यास नकार दिला आणि २००३ मध्ये त्यांचा करार संपुष्टात आणण्यात आला. त्यांनी इतर पीडितांना शोधून एकत्र आणले. ‘कॉम्प्युटर वीकली’ या नियतकालिकाने २००९ मध्ये प्रकरण बाहेर काढले. ५५५ जणांनी मिळून दावा लावला. डिसेंबर २०१९ मध्ये न्या. फ्रेझर यांनी होरायझनमध्ये दोष होते आणि केंद्राच्या हिशेबात चालकाच्या नकळत दुरून बदल करणे शक्य होते, हे निकालात नमूद केले. असे बदल करताच येत नाहीत, अशी टपाल कंपनीची भूमिका वर्षानुवर्षे होती. होरायझनमधील दोष नाकारत राहण्याची टपाल कंपनीची एकूण भूमिका एकविसाव्या शतकात पृथ्वी सपाट असल्याचे म्हणत राहण्यासारखी असल्याची टिप्पणी न्यायालयाने केली. एप्रिल २०२१ मध्ये अपील न्यायालयाने ३९ जणांची दोषसिद्धी रद्द केली. जानेवारी २०२४ मध्ये या विषयावरील दूरचित्रवाणी मालिका देशभर पाहिली गेली आणि मे २०२४ मध्ये संसदेने कायदा करून शेकडो दोषसिद्धी एकत्रितपणे रद्द केल्या. तोपर्यंत अनेकांचे निधन झाले होते.

संगणक चुकत नाही, हे गृहीतक कुठून येते?

होरायझनमध्ये दोष होते यात नवल नाही. इतक्या मोठ्या प्रणालीत ते असतातच. खरा प्रश्न असा की ९०० खटल्यांत न्यायालयांना ते का दिसले नाहीत? याचे एक उत्तर कायद्यात आहे. इंग्लंडमध्ये १९८४ च्या एका कायद्यातील कलम ६९ नुसार, संगणकाचा पुरावा देणाऱ्याला तो संगणक नीट चालत होता हे दाखवावे लागे. ही अट अव्यवहार्य ठरवून १९९९ च्या कायद्याने रद्द केली गेली. त्यानंतर संगणक नीट चालत होता असेच गृहीत धरले जाऊ लागले. तसे नसल्याचे दाखवायचे तर आरोपीने काही ठोस मांडायला हवे. पण दोषांच्या नोंदी, दुरुस्त्यांचा इतिहास, आत जाण्याचे अधिकार हे सगळे होते प्रणालीच्या मालकाकडे. केंद्रचालकाने पुरावा आणायचा कुठून?

भारतात १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावे लागते. त्याचा एक भाग पुरावा सादर करणाऱ्याने आणि दुसरा तज्ज्ञाने भरायचा असतो. यामुळे फाइल मधल्यामध्ये बदलली गेलेली नाही, याची खातरजमा होऊ शकते. पण फाइलमध्ये मुळात नोंद झालेला आकडा बरोबर होता का, हा वेगळा प्रश्न आहे. आणि खात्यांतर्गत चौकशी, मानधन कपात किंवा कारणे दाखवा नोटीस यांचा निकाल तर न्यायालयात पोहोचण्याआधीच, बहुतेकदा पडद्यावरच्या आकड्यावरून लागतो.

मग प्रणाली स्वीकारताना काय पाहायला हवे?

सत्तेची वाटणी न बदलणारी माहिती प्रणाली जवळपास नसतेच. ‘भूमी’सारखी उदाहरणे सांगतात की ती बदलणे अनेकदा गरजेचेही असते. त्यामुळे विरोध झाला म्हणून प्रणाली गुंडाळावी असा याचा अर्थ नाही. विरोध करणाऱ्याच्या हातून नेमके काय जात आहे, ते आधी पाहावे. दप्तर दाबून ठेवण्याची मुभा जात असेल तर तो विरोध मोडून काढावा. पण त्याला अधिकार न देता फक्त दोष दिला जाणार असेल, तर तो जे सांगतो आहे तो प्रणालीच्या आराखड्यातील दोष समजावा.

हे तपासण्यासाठी काही साधे प्रश्न पुरेसे आहेत. माहिती भरणाऱ्याला त्या माहितीचा स्वतःच्या कामासाठी उपयोग होतो का, की ती फक्त वर पाठवण्यासाठी आहे? जुन्या नोंदवह्या बंद होण्याची तारीख ठरली आहे का, की दोन्हीकडे लिहायचे आहे? उपकरण, दुरुस्ती, इंटरनेट आणि लागणारा वेळ यांचा खर्च कोणाचा? वरून कोणी नोंद पाहिली किंवा बदलली तर ती भरणाऱ्याला कळते का? आणि शेवटचा, होरायझनने शिकवलेला प्रश्न म्हणजे ‘मला हे मान्य नाही’ असे नोंदवण्याची जागा प्रणालीत आहे का? असेल तर त्या नोंदीचा निर्णय लागेपर्यंत कारवाई थांबते का?

पोषण ट्रॅकर पुढे मराठीसह अनेक भारतीय भाषांत उपलब्ध झाला. चांगला मोबाइल ही मागणी मात्र फेब्रुवारी २०२३ च्या संपातही होती. त्यानंतर आहार वाटपासाठी लाभार्थ्याचा चेहरा ओळखण्याची अट आली आणि जुलै २०२५ पासून ती सक्तीची झाली. अंगणवाडीच्या दारात आई उभी आहे, मूल कडेवर आहे, सेविका दोघांना नावानिशी ओळखते. तरीही आहार द्यायचा तर आधी फोनने चेहरा ओळखायला हवा. फोनने ओळखले नाही आणि पाकीट मिळाले नाही, तर आई जाब विचारते तो समोर उभ्या असलेल्या सेविकेला. अ‍ॅप कोणी बनवले आणि ही अट कोणी घातली, हे त्या दोघींपैकी कोणालाच ठाऊक नसते.